लोभाचं मूळ

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी शेजारच्या दामले सरांकडे गेलो आणि तासभर उन्हात उभा राहिलो. पत्रिकेच्या शेवटी छापलं होतं, 'लोभ असावा ही विनंती.' सरांनी वधूवरांची नावं पाहिलीच नाहीत. 'लोभ'वर बोट ठेवून म्हणाले, "याचं मूळ ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. अख्ख्या रत्नागिरीत कुणाला ठाऊक नसावं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

शाळेत संस्कृत शिकवून सर निवृत्त झाले आणि गॉथिक नावाच्या, युरोपातल्या एका मेलेल्या भाषेच्या नादी लागले. त्या भाषेत 'लिउफ्स' म्हणजे प्रिय, लाडका. आपला 'लुभ्' धातू आणि हे विशेषण एकाच मुळाचं. जर्मनांचं 'लीब', इंग्रजांचं 'लव्ह' ही त्याचीच भावंडं. "तेव्हा लोभ म्हणजे नुसती हाव नव्हे हो, माया," असं सांगून सर ते विशेषण चालवून दाखवत. "प्रथमेला फ, पुढे त्याचा ब. षष्ठी लिउबिस, चतुर्थी लिउबम्मा. स्त्रीलिंगी लिउबा. म्हणा." गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन म्हणे. मायेची इतकी रूपं पाठ असलेल्या या गृहस्थानं घरात मात्र त्यातलं एकही कधी वापरलं नव्हतं. बायकोशी बोलणं म्हणजे "चहा" आणि "चष्मा".

श्रावणात सरांच्या पत्नी सुधाकाकू मागीलदारी शेवाळावर घसरल्या. त्यांनी हाका मारल्या. ओटीवर सर वायरमनला विभक्ती शिकवत होते. तिथूनच ओरडून म्हणाले, "थांब जरा, षष्ठी राहिलीय."

षष्ठी पुरी करून ते गेले, तोवर मी मधल्या दगडी गडग्यावरून उडी मारून काकूंना उठवून बसवलं होतं. पाय मोडला होता. प्लॅस्टर घालून काकू भावाकडे राजापूरला गेल्या, ते परत येण्याचं नावच काढीनात.

दोन महिने सरांनी कुणालाही अडवलं नाही. गॅसवाल्याला चुकल्यासारखं झालं. मग एका सकाळी सर माझ्या दारात आले. "राजापूरला येता का? एकट्यानं जायला जरा..." वाक्याचं क्रियापद त्यांनी गिळलं.

राजापूरला मेव्हण्यांनी "या भाऊजी" म्हटलं आणि पेपरात डोकं घातलं. प्लॅस्टर निघालं होतं. काकू पाय स्टुलावर ठेवून गवार मोडत होत्या. सर समोर उभे राहिले.

"लिउबा," ते म्हणाले. "म्हणजे स्त्रीलिंगी, एकवचनी..."

"मराठीत बोला," काकू गवारीकडे बघत म्हणाल्या.

चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस शब्द शोधत होता, आणि मला, खरं सांगतो, मजा वाटत होती.

"चहा दोन कपांचा ठेवतो," सर शेवटी म्हणाले. "रोज. सवय जात नाही. मग एक कप ओतून टाकतो."

माझी मजा तिथेच संपली. मेव्हण्यांचं पेपराचं पान उलटायचं राहिलं.

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पाऊल अजून सुजतं," त्या म्हणाल्या. "तेल लावावं लागतं."

कोनाड्यात तेलाची बाटली होती. सर ती घेऊन खाली बसले, आणि मेव्हण्यांदेखत, माझ्यादेखत, बायकोचं पाऊल मांडीवर घेऊन चोळू लागले. सवय नव्हती. हात जड पडत होता.

"हळू," काकू म्हणाल्या.

सरांनी हात हलका केला.