चण्यांचा कॅसिनो

यूसुफ आईच्या हजचे पैसे बैरूतच्या कॅसिनोत दुप्पट करणार, हे ऐकून मुनिराच्या हातातलं लाटणं गळून पडलं. यूसुफ तिचा धाकटा भाऊ, कुवेतमध्ये एका शेठचा ड्रायव्हर. बासष्टच्या उन्हाळ्यात शेठचं बिऱ्हाड बैरूतला हवा खायला निघालं होतं आणि गाडी यूसुफच नेणार होता.

"दुप्पट झाले तं आईच्या सोबतीला तिच्या बहिणीला, आपल्या खालालाबी धाडता येईल," तो म्हणाला.

हेतू चांगला होता, हीच मोठी पंचाईत. मुनिराचा नवरा मजीद कुवेतमध्येच तेल कंपनीत हिशेबनीस. "रडू नको. गणितानं पटवतो त्याला," म्हणून जुम्म्याची नमाज होताच त्यानं परात उपडी घातली, कॅसिनोतल्या चक्रासारखे काठावर कोळशानं शून्य ते छत्तीस आकडे लिहिले आणि मधोमध फिरवायला चमचा ठेवला. पैशांच्या जागी चणे, आणि कॅसिनोचा मालक तो स्वतः.

"आकडे सदतीस. एकावर एक चणा ठेवायचा. लागला तं पस्तीस चणे आन् तुझा एक. छत्तीसच मिळाले ना? सदतिसावा मालकाचा. त्याच्यावरच त्याची झुंबरं पेटतात. जेवढा बसशील तेवढा कापला जाशील."

यूसुफनं सातावर चणा ठेवला. चमचा सातावर थांबला. त्यानं पाच चणे ठेवले, पुन्हा सातच! तासाभरात चणे संपले, मग मसूर, मग महिन्याचे तांदूळ त्याच्या पुढ्यात जाऊ लागले.

मजीदला घाम फुटला. गणित खरं ठरायचं तर यूसुफनं उठता कामा नये. त्यानं उशी दिली, खजूर दिले, पंखा त्याच्याकडे वळवला, घड्याळ भिंतीकडे फिरवलं.

"अजून एक चहा घे रे! घाई कसली?"

यूसुफचा हात थांबला. "दुल्हाभाई, तीन वर्सांत तुमी मना दुसऱ्या चहाला कधी विचारलं नाय. म्हंजे मी बसण्यात फायदा तुमचा हाय. मंग बैरूतवाले माझे कोण लागतात? फायद्याबिगर ते कशाला मना मऊ गादीवर बसवतील?"

तो उठला आणि खिशातलं पाकीट मुनिराच्या हातात दिलं. "आपा, आईचे पैसे तूच धाड."

"बघ, गणितानं पटलं!" मजीद खुशीत ओरडला.

मुनिरानं ओढणीनं डोळे पुसले. नवऱ्याच्या ज्या चिक्कूपणाच्या नावानं ती दहा वर्षं बोटं मोडत आली होती, त्याचे आज तिनं मनापासून आभार मानले.