मारुतीअण्णांचं आवडतं वय

आमच्या वरच्या मजल्यावरचे मारुतीअण्णा गुन्हा घडायच्या आधीच दंड भरतात. दंड म्हणजे बेळगावचा कुंदा. आठ वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून जयनगरातल्या या इमारतीत आलो, सामानाची खोकी अजून दारातच होती आणि एक मिशाळ गृहस्थ डबा घेऊन समोर उभे. "नमस्कार ताई. मी मारुती, मूळचा बेळगावचा. वर राहतो. आमची गौरी सात वर्षांची आहे. स्वल्प आवाज होईल, सांभाळून घ्या की." मला वाटलं, काय सुसंस्कृत शेजार मिळाला! संध्याकाळी डोक्यावर कपाट सरकवल्यासारखा आवाज सुरू झाला. कपाट नव्हतं, गौरी होती.

हळूहळू मला कुंद्याचं वजन कळायला लागलं. पाव किलो म्हणजे आरडाओरडा, अर्धा किलो म्हणजे मोडतोड. अण्णांच्या हातात मोठा डबा दिसला की तळमजल्यावरच्या आजी मुकाट्याने कुंड्या आत घ्यायच्या.

गौरी म्हणजे एक प्रकरणच. सातव्या वर्षी तिने सकाळी सगळ्यांच्या दारावरच्या दुधाच्या पिशव्या गोळा करून जिन्यात त्यांची आगगाडी केली. नवव्या वर्षी चप्पल घालणं सोडलं, ते वर्षभर. अकराव्या वर्षी ती फक्त पांढरं खायची: इडली, दहीभात, खोबऱ्याची वडी. शाळेतून अण्णांना इतक्यांदा बोलावणं यायचं, की तिथला शिपाई त्यांना न विचारता कॉफी आणून द्यायचा.

आणि अण्णांचं पालुपद एकच, "ह्या वयाला तोड नाही बघा!" सातला तेच, नऊला तेच. तेराव्या वर्षी ती दारं आपटायला लागली तेव्हा मी मनात म्हटलं, आता बघू. तर म्हणाले, "तेरा म्हणजे काय ओ ताई! रागानं आत जाते, पण आपल्याच घरात जाते की." मग रबराच्या पट्ट्या आणून त्यांनी चौकटीला चिकटवल्या. आपटू नको असं म्हणाले नाहीत, नीट आपटता यावं अशी सोय केली.

खरं सांगायचं तर मला या माणसाचा थोडा रागच यायचा. सदानकदा खूश असणारी माणसं मला संशयास्पद वाटतात, त्यात ती कुणाचे आईबाप असतील तर जास्तच.

चिडलेलं मी त्यांना एकदाच पाहिलं. गौरीने गच्चीवर टाकीचा नळ उघडा टाकला होता, त्यावरून इमारतीची बैठक बसली. सेक्रेटरी तिच्यासमोरच म्हणाले, "जाऊ दे, मोठी झाली की सुधारेल." अण्णा ताडकन उठले. "माझ्या पोरीसमोर हे वाक्य नको. शिव्या द्या, काय पाहिजे ते बोला. हे नको." एवढं साधं वाक्य त्यांना का लागावं, मला कळलं नव्हतं.

पुढे माझा निहार पाच वर्षांचा झाला आणि माझा तोरा उतरला. हा मुलगा माझी मीटिंग चालू असताना लॅपटॉपवर ताक ओततो. परवा दुपारी त्याने लिफ्टची सगळी बटणं दाबली, आणि हात धरला म्हणून मला चावला. अण्णा लिफ्टमध्येच होते. मी वैतागून त्यांना म्हणाले, "कधी एकदा मोठा होतोय असं झालंय मला!"

अण्णा हसले नाहीत. आम्हाला स्वतःच्या घरी घेऊन गेले आणि निहारला गॅलरीत गौरीकडे पाठवलं. ती आता पंधरा वर्षांची आहे.

"हे मीपण म्हटलो होतो, ताई," ते म्हणाले. "चार वर्षांची होती. बालवाडीत सांगितलं, उद्यापासून आणू नका. रिक्षातनं परत येताना मी हिच्या आईला म्हटलं, कधी एकदा मोठी होते आणि आपण सुटतो. पोर मांडीवरच होती. मला वाटलं झोपलीय."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या विचारली, अप्पा, झाले का मी मोठी? मग रोजच विचारायची. पाच-सहा महिने."

गॅलरीत निहार कशाला तरी खिदळत होता. लिफ्टमध्ये तोही माझ्या शेजारीच उभा होता.

"सगळी वयं मला आवडली, खोटं नाही," अण्णा म्हणाले. "पण एकच वय परत मिळणार असेल तर मी चार मागेन. ते माझ्या हातनं गेलं. मी नुसती संपायची वाट बघत बसलो."

गौरी पाणी न्यायला आत आली होती. "अप्पा, किती वेळा सांगू? मला त्यातलं काहीसुद्धा आठवत नाही," म्हणाली आणि बाटली घेऊन गेली.

मी हळूच विचारलं, "ती रोज विचारायची तेव्हा तुम्ही काय सांगायचात?"

अण्णांनी गॅलरीकडे पाहिलं.

"'अजून नाही,' म्हणायचो," ते म्हणाले. "ऑफिसची घाई असायची ओ."