बर्फासाठी सोडलेली फट

एखाद्या नव्या वस्तूपासून जनतेला धोका आहे की नाही हे तपासण्याआधी, जनतेपासून समितीला धोका नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं. जैवसुरक्षेचं सगळं शास्त्र या एका तत्त्वावर उभं आहे. प्रगतिपथावरच्या देशात तर ते जरा जास्तच भक्कम उभं असतं. पुढारलेल्या देशांनी आधी चुका केल्या आणि मग कायदे केले. आपल्याला कायदे आयते मिळाले, चुका तेवढ्या करायच्या राहिल्या.

या देशातला कायदाही असाच आयता, एका थंड मुलखातून आणलेला. जैवसुरक्षा समितीने तो मोठ्या जबाबदारीने, एक अक्षर न गाळता उतरवून घेतला. (गाळलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, का गाळलं म्हणून. न गाळल्याबद्दल आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही.) त्यामुळे जनुकं बदललेल्या पिकांचा चाचणीचा मळा जिथे जिथे आहे, तिथे तिथे अस्वलाला चढता येणार नाही इतकं उंच कुंपण आहे. अस्वल या भागात फक्त बालवाडीच्या भिंतीवर आढळतं. आणि कुंपणाची जाळी जमिनीला टेकत नाही. खाली वीतभर फट सोडलेली आहे, साचलेला बर्फ वितळून वाहून जायला. बर्फाचा वार्षिक अहवालही नियमात आहे. "यंदा बर्फ पडला नाही" हा अहवाल समितीकडून दरवर्षी वेळेवर जातो. वेळेवर जाणारा समितीचा तो एकमेव अहवाल आहे.

अशाच एका कुंपणाला लागून एक इमारत होती आणि तिच्या तळमजल्यावर एक आई राहत होती. शिक्षण बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. शिकलेल्या आणि न शिकलेल्या आईचं काळीज सारखंच धडधडतं. फरक इतकाच, की शिकलेलीला धडधडण्याची कारणं पाठ असतात. मुलगी झाल्यापासून ती ही पदवी फक्त याच कामाला वापरत होती. मुलीला घरात सगळे खार म्हणत, कारण ती दिसेल ते कुरतडायची: रिमोटचा कोपरा, आजोबांची काठी, एकदा तर स्वतःचं लसीकरणाचं कार्ड.

एके सकाळी आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तोंडात चिमटा, हातात चादर. चादर झटकायला जितका वेळ लागतो तितक्यात खार रांगत कुंपणाखालून पलीकडे गेली. अस्वलाची अडचण तिला नव्हती, आणि बर्फाच्या वाटेवर बर्फ नव्हता. आईने हाका मारल्या, जाळी हलवली, शेवटी पोटावर आडवी झाली, पण फटीत डोक्यापलीकडे तिचं काही शिरेना. खार आपणहून परत आली तेव्हा तिचं तोंड हनुवटीपर्यंत लाल होतं आणि मुठीत एक अख्खा टोमॅटो होता.

कुंपणावर पाटी होती: "चाचणी क्षेत्र. येथील फळे खाण्यास सुरक्षित किंवा असुरक्षित असल्याचे अद्याप ठरलेले नाही. कृपया सहकार्य करावे."

"टोमॅटोच खाल्लाय ना?" सासूबाई म्हणाल्या. "परवा माझ्या चपलेचा पट्टा खाल्ला तेव्हा नाही कुणी इतकं रडलं."

"आई, तो साधा टोमॅटो नाही. त्यात दुसरं काहीतरी घातलंय."

"अगं, हल्ली कशात काय घातलेलं नसतं? तुझ्या नवऱ्याला लहानपणी मी काय काय घातलंय, विचार त्याला."

नवऱ्याने हे ऐकून मोबाइलमधलं डोकं वर काढलं, "तू आता ते नेटवर शोधत बसू नकोस," एवढा मोलाचा सल्ला दिला आणि डोकं परत जागेवर ठेवलं.

डॉक्टरांनी खारीचं पोट दाबून पाहिलं. खारीने डॉक्टरांच्या गळ्यातली नळी चावून पाहिली. "पोरगी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "पण त्या टोमॅटोत काय आहे ते मला काय ठाऊक? त्यांनाच विचारा."

आईला एवढंच हवं होतं. एक वाक्य. या फळात अमुक आहे आणि त्याने लहान मुलाला काही होतं, किंवा होत नाही. मुठीतला तो टोमॅटो तिने पुरावा म्हणून खारीच्या लाळेऱ्यात गुंडाळला आणि ती समितीच्या कार्यालयात गेली.

तिथे दारापाशी एक कारकून होते. वृत्तीने अतिशय मायाळू. आलेल्या माणसाला बसायला सांगितल्याशिवाय परत पाठवत नसत.

लाळेऱ्यातला टोमॅटो पाहून त्यांनी छापील अर्ज पुढे ओढला. "बोला ताई. कुणी खाल्लं?"

"माझ्या मुलीने."

"तसं नव्हे. इथे पर्याय आहेत. पक्षी, कीटक, कुरतडणारे प्राणी, अस्वल."

"माणूस नाही का त्यात?"

"माणसाला आत जायला बंदी आहे ना ताई. बंदी असताना पर्याय कसा ठेवणार?" त्यांनी चष्मा वर केला. "कुरतडते का मुलगी?"

आईच्याने खोटं बोलवेना. "कुरतडते," ती म्हणाली.

"झालं तर मग."

अशा रीतीने तक्रार दाखल झाली. पुढचं काम समितीचं. समितीत सहा शास्त्रज्ञ होते, एक अध्यक्ष होते आणि ग्राहक प्रतिनिधीची एक खुर्ची होती. खुर्चीवर ग्राहक नव्हता. आधीचे प्रतिनिधी ग्राहक म्हणून निवृत्त झाले होते. (म्हणजे वारले होते.) आणि ग्राहक हजर नसेल तर ग्राहकाच्या तक्रारीवर बोलता येत नाही, असा नियम होता. नियम ग्राहकाच्या भल्यासाठी होता. या नियमामुळे गेल्या काही वर्षांत एकाही ग्राहकाच्या तक्रारीचा निकाल त्याच्या विरुद्ध गेलेला नव्हता.

यावर कारकुनांनीच तोड काढली. "ताई, तुम्हीच का होत नाही प्रतिनिधी? खाणारीची आई म्हणजे ग्राहकच की."

आई प्रतिनिधी झाली. सासूबाईंनी शेजारी सांगितलं, सून सरकारात लागली. पहिल्या बैठकीत आईचं स्वागत झालं, चहा झाला, बिस्किटं झाली, आणि विषय क्रमांक एक निघाला: खारीची तक्रार. लगेच एका शास्त्रज्ञांनी हात वर केला. ज्याचा हितसंबंध गुंतलेला आहे त्या सदस्याने अशा वेळी खोलीबाहेर जावं, असा नियम होता. आई बाहेर गेली. ती बाहेर जाताच ग्राहक हजर नाही, हे अध्यक्षांच्या लक्षात आलं. बैठक तहकूब झाली.

दुसऱ्या बैठकीत ती आत होती म्हणून विषय घेता आला नाही. तिसऱ्या बैठकीत ती बाहेर होती म्हणून घेता आला नाही. चौथ्या बैठकीला पंखा बंद होता म्हणून घेतला नाही. त्यात तिचा संबंध नव्हता.

अध्यक्ष मोठे कल्पक. त्यांनी आईची खुर्ची उंबरठ्यावर ठेवायला लावली, पुढचे दोन पाय खोलीत, मागचे दोन व्हरांड्यात. बसल्यावर ती हजरही होती आणि बाहेरही होती. कायद्याच्या इतिहासात इतका नेमका तोल फार थोड्या वेळा साधला गेला असेल. तिथून तिला अर्धंच ऐकू यायचं, पण प्रतिनिधीने ऐकावं असं कुठे म्हटलेलं नव्हतं. चहा मात्र तिला दोनदा मिळू लागला, एकदा आतला आणि एकदा बाहेरचा.

आता चर्चेला अडथळा उरला नाही. पेच निघाला तो शास्त्रीय होता. फळ सुरक्षित आहे म्हणावं, तर मग चाचणी कशासाठी चाललीय? असुरक्षित आहे म्हणावं, तर मग चाचणीला परवानगी कुणी दिली? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ते मेजाभोवती बसून बिस्किटं खात होतं.

"तुम्ही त्यात काय घातलंय एवढं तरी सांगा," आई उंबरठ्यावरून म्हणाली.

"मॅडम, ते कंपनीचं गुपित आहे," अध्यक्ष म्हणाले. "आम्हीही विचारत नाही. विचारलं तर त्यांना वाटेल आमचा विश्वास नाही."

"मग निदान कुंपणाखालची ती फट तरी बुजवा. पोरं अजून जातात त्या बाजूला."

सहाही शास्त्रज्ञांनी एकमेकांकडे पाहिलं. "फट बुजवली," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "तर बर्फ कुठून जाईल?"

असे महिने गेले. प्रत्येक बैठकीला आई लाळेरं उघडून टोमॅटो दाखवायची, आणि तो पहिल्या दिवसाइतकाच लालबुंद असायचा. कार्यालयातली फाइल वाळवीने अर्धी खाल्ली, पंख्याचं एक पातं निखळलं, बिस्किटं सादळली, एक शास्त्रज्ञ आजोबा झाले. टोमॅटोला सुरकुती नाही. घरी नवरा म्हणायचा, "आपल्याकडे न बिघडलेली तेवढी एकच वस्तू आहे, जपून ठेव." समितीलाही हळूहळू उमगलं, की समितीच्या कारभारात टिकेल असं फळ शेवटी विज्ञानाने तयार केलेलं आहे. या देशाला नेमकी कशाची गरज आहे, याचा इतका खोल विचार कुणी केला नव्हता.

आईचं लक्ष मात्र टोमॅटोकडे नव्हतं, खारीकडे होतं. खार शिंकली की हिचा हात थांबायचा. खारीच्या गालावर पुरळ आलं, ते डासाचं निघालं. खारीची शी नेहमीपेक्षा पिवळी झाली, त्या दिवशी आई जेवली नाही. खारीचे गाल लाल दिसले की ती थर्मामीटर काढायची. सासूबाईंना वाटायचं, नात गुटगुटीत झाली. एवढं सगळं मनात ठेवून ती उंबरठ्यावर बसायची.

मग एका बैठकीत अध्यक्षांनी सहज विचारलं, "मॅडम, मुलगी कशी आहे हो?"

इतक्या महिन्यांत तिला हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. तिचा जीव सुपाएवढा झाला. "छान आहे," ती म्हणाली. "चालायला लागली. दाढा येताहेत. 'दे' म्हणते. काल माझी चप्पल घालून दारापर्यंत गेली."

"त्रास वगैरे काही?"

"नाही. तसा काही नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक शास्त्रज्ञ तर "वा" म्हणाले. पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचून दाखवलं गेलं. त्यात लिहिलं होतं: "मानवावरील दीर्घकालीन चाचणी पूर्ण. निरीक्षण चोवीस तास, प्रशिक्षित निरीक्षकाकडून (बी.एस्सी.). खाणाऱ्यांपैकी शंभर टक्के ठणठणीत. ग्राहक प्रतिनिधींची हरकत नाही. सबब, फळ विक्रीस योग्य."

आई उठून उभी राहिली. एक पाय आत, एक बाहेर. "मी असं म्हटलं नव्हतं. मी माझ्या मुलीबद्दल सांगत होते."

"तिच्याबद्दलच आहे हे," अध्यक्ष म्हणाले.

"ही चाचणी नाही. एकच मूल आहे."

"मॅडम, आधी तेही नव्हतं."

"मला हे मान्य नाही."

"मग सोपं आहे." अध्यक्ष खरोखरच मदत करायला तयार होते. "मुलगी आजारी आहे, असं म्हणा. त्या टोमॅटोने आजारी पडली, एवढं एक वाक्य. आम्ही आत्ताच्या आत्ता विक्री थांबवतो. म्हणता का?"

शास्त्रज्ञांनी बिस्किटं खाली ठेवली. कारकुनांनीही कान टवकारले.

आईने तोंड उघडलं. वाक्य छोटं होतं. कॉलेजात असताना तिने सभेत उठून याहून लांब वाक्यं फेकली होती. पण लेकरू घरी आजीच्या मांडीवर बसून काठी कुरतडत असताना, आपल्या तोंडाने ते आजारी आहे म्हणायचं; आणि देवाने, दैवाने, नाहीतर जनुकांनी नेमकं तेव्हाच ऐकलं तर? वनस्पतिशास्त्रात याला काही आधार नव्हता. तिने तोंड मिटलं.

"हरकत नाही," अध्यक्षांनी सांगितलं, आणि ते तसंच लिहिलं गेलं.

ज्या एका वाक्यासाठी ती तिथे गेली होती, ते तिला मिळालं नाही. तिच्याकडून एक हवं होतं, ते तिला देता आलं नाही. दोन्ही बाजू समसमान राहिल्या. न्याय म्हणतात तो हाच.

टोमॅटो बाजारात आला. आई खारीला कडेवर घेऊन भाजीला गेली, तर भाजीवालीने तिच्यापुढे लाल ढीगच केला.

"घ्या ताई. दोन महिने बघायला नको. तपासलेले आहेत. एका लहान पोरीला खायला घालून बघितलंय म्हणे आधी."

"कुणाच्या?"

"असेल कुणाची तरी," भाजीवाली म्हणाली. "आपली नव्हती ना, झालं." खार कडेवरून खाली वाकली, हात लांब केला आणि म्हणाली, "दे."

आईने त्या दिवशी बटाटे घेतले.

ती अजून समितीवर आहे. खुर्ची उंबरठ्यावर आहे, फट कुंपणाखाली आहे, यंदाचा बर्फाचा अहवाल वेळेवर गेला आहे. चाचणीचा पुढचा टप्पाही सुरू झाला आहे. मागच्या टप्प्यात खाणारं एकच होतं, असा आक्षेप काही लोकांनी घेतला होता. समितीने तो मोकळ्या मनाने मान्य करून आता सगळ्यांनाच सामील करून घेतलं आहे. तुम्हाला वेगळं काही कळवलेलं नाही, कारण वेगळं काही करायचं नाही. मागे कधीतरी आणलेला टोमॅटो तुमच्या ओट्यावर अजून टवटवीत असेल, तर तुमची नोंद झालेली आहे. काही त्रास होत असेल, तर आपल्या तोंडाने, स्वतःच्या मुलाचं नाव घेऊन, तसं सांगायचं. होत नसेल, तर गप्प बसायचं.

तुम्ही आत्ताही काही बोलला नाहीत. समिती आभारी आहे.