बाईंच्या नावापुढे काय

आमच्या अहमदपूरच्या नलिनी मॅडम रोज एका मेलेल्या इंग्रज बाईची तब्येत सांगायच्या. "बाईंना पुन्हा खोकला झालाय. लंडनची हवा मानवत नाही त्यांना."

ही बाई राणी व्हिक्टोरियाच्या काळात मुलांसाठी धार्मिक कादंबऱ्या लिहायची. निवृत्तीनंतर मॅडम तिचं चरित्र मराठीत लिहीत होत्या. मी त्यांचा जुना विद्यार्थी. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांनी शिकवलेल्या इंग्रजीमुळे, म्हणून टायपिंगला मीच जायचो. खोकल्याचं घरी बोललो, तर आईला वाटलं मॅडमच आजारी; तिने अडुळशाचा काढाच दिला. "एकटी बाई हाय, कोन करतंय तिचं? घेऊन जा." मॅडमनी तो पिऊन टाकला. "बाईंच्या वतीनं," म्हणाल्या.

बाईंची थट्टाही त्याच करायच्या. "चाळिसाव्या पानावर लेकराला ताप आला की समज, शेवटच्या पानावर बाप दारू सोडणार. असे तीस बाप सुधारले बाईंनी!"

"आणि लग्न?"

"वेळ कुठं होता रे? तीस बाप होते ना."

पुस्तक छापायला गेलं आणि मुखपृष्ठावर अडलं. छापखान्याच्या मालकांचा फोन आला, मी समोरच बसलो होतो.

"मॅडम, बाईच्या नावापुढं काय टाकू? सौ. का कु.?"

"काहीच नका टाकू."

"लई उघडं दिसायलंय हो. श्रीमती टाकतो."

आमच्याकडे श्रीमती म्हणजे नवरा वारलेली.

"नवरा केलाच नाही, तो मारता कशाला?"

"मग कुमारी? पन फोटो म्हातारीचा हाय. लोक हसतील."

मॅडमनी फोन ठेवला. पुस्तक तीन आठवडे तसंच पडून राहिलं.

शेवटी मी समजूत घालायला गेलो. "मॅडम, एका शब्दापायी इतक्या वर्षांची मेहनत अडकलीय. टाकू द्या की काहीतरी."

मॅडम चष्मा पुसत राहिल्या. "माझ्या निरोप समारंभाच्या पत्रिकेवर कु. छापलं होतं. पोरं हसली. मीही हसले." मग म्हणाल्या, "बाईंना जन्मात एखादं पत्र नुसत्या नावानं आलं असेल का रे?"

माझ्या पिशवीत बहिणीच्या लग्नाची पत्रिका होती, मॅडमना द्यायला आणलेली. पाकिटावर मीच वळणदार अक्षरात 'श्रीमती' लिहिलं होतं.

ती मी बाहेर काढलीच नाही. तिथून उठलो, छापखान्यात उभं राहून बाईंचं नाव तसंच उघडं छापून घेतलं, आणि बाजारातून एक कोरं पाकीट विकत घेतलं.