पुढं गेलेला टायर

फकरुद्दीन तांबोळींच्या मालकीचे तीन ट्रक होते, पण एकोणऐंशी सालच्या त्या डिसेंबरात त्यातला एकच चालत होता. डिझेलला रांगा होत्या आणि टायर नंबर लावून मिळत. घरामागे उभ्या केलेल्या बाकी दोन ट्रकांचे टायर एकेक करून काढत फकरूभाईंनी तिसरा कसाबसा पळता ठेवला होता. मंगळवारी त्याचंही मागचं चाक फुटलं, तेव्हा काढायला कुठेच टायर उरला नव्हता.

नेमके त्याच दिवशी गिरणीवाले हैबतराव दारात येऊन उभे राहिले. "फकरूभाई, नव्वद पोती आंबेमोहोर हाय. बेस्तरवारी दिस मावळायच्या आत पुण्यात पडला पायजे. जमत नसंल तर सांगा, पौडची गाडी लावतो. मग मातुर वरीसभर तीच."

"न जमायला काय झालं?" फकरूभाई म्हणाले. आपली अडचण चार लोकांत सांगायची त्यांना भारी लाज वाटे.

ड्रायव्हर भैरूने पंपावर दोन दिवस ठिय्या मारून पिंपभर डिझेल मिळवलं आणि बैलगाडीतून घरी आणलं. ट्रक विटांवर टेकवून तो टायरची वाट बघत बसला. गुरुवारी भल्या सकाळी फकरूभाई पुण्याला गेले, डीलरच्या समोर बाकावर ठाण मांडून बसले आणि अकराच्या सुमाराला एक कोरा करकरीत टायर घेऊनच उठले. तो न्यायला दुसऱ्या कुणाचा ट्रक मागायचा, हे काही ट्रकमालकाच्या मनाला पटेना. त्यांनी दोन हमाल धरून टायर पौडच्या बसच्या टपावर चढवला.

घाटमाथ्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे बसचंच चाक पंक्चर झालं, आणि स्टेपनी सकाळीच वापरून झालेली. बसच्या ड्रायव्हरने खाली उतरून चाकाकडे पाहिलं, मग टपाकडे पाहिलं. हळूहळू सगळे उतारू टपाकडे पाहू लागले.

"मापाचाच दिसतोय," ड्रायव्हर म्हणाला.

"अवं, माझा हाय त्यो!"

"तुमचाच ऱ्हाईल. पौडला पोचलो की काढून देतो," कंडक्टर म्हणाला. "चाळीस मानसं खोळंबल्यात बघा."

"माझ्या नातवाला पोरगी बघाय चाललोय, बाबा," एक म्हातारा हात जोडून म्हणाला. "येळ टळली तर लोक काय म्हनतील?"

फकरूभाई मऊ मनाचे होते. आणखी पाच मिनिटं इथे थांबलो तर आपण टायर देऊन बसू, अशी त्यांना धास्ती वाटली. त्यांनी घाईघाईने टायर खाली उतरवला, उभा केला आणि लोटत निघाले. गाव दीड-दोन मैल, तेही सगळा उतार.

पहिल्या वळणावर टायर अगदी शहाण्यासारखा वागला. दुसऱ्या वळणावर त्याच्याबरोबर पळावं लागलं. तिसऱ्या वळणावर रस्ता वळला, फकरूभाई वळले, टायर वळला नाही. कठड्याच्या फटीतून त्याने उडी घेतली आणि करवंदीच्या जाळ्यांपलीकडे तो दिसेनासा झाला.

फकरूभाई पायवाटेने धावत खाली आले. तिथे भिकू म्हशी चारत होता. ट्रकमालकाचा टायर पळाला हे सांगितलं, तर उद्या सगळा तालुका हसेल. ते नुसतंच म्हणाले, "भिकू, हितनं काय गेलं का रं खाली?"

"काय जायाचं व्हतं?"

"कायबी. म्हंजे... ट्रकचं आपलं..."

"ट्रक?" भिकूने म्हशी सोडून दिल्या. "कुटनं गेला?"

"वरल्या वळणावनं. कठड्यातनं." टायरबद्दलच विचारतोय असं समजून फकरूभाई एवढं बोलले आणि पुढच्या ओढ्यात शिरले. भिकू मात्र गावाकडे धावत सुटला.

तासाभराने ओढ्याकाठी धुणं धुणारी साळूबाई भेटली, तोवर तिच्यापर्यंत बातमी येऊन पोचलीही होती.

"फकरूभाई, ब्रेक न्हाई का लागला वो?"

"त्याला कुटला ब्रेक, साळूबाई!"

"अगं बया! आन् आत कोण व्हतं?"

"आत कोण बसतंय? नुसती हवा."

"देवानंच राखलं म्हनायचं," साळूबाईने पदर डोळ्याला लावला. एका टायरसाठी बाई रडते, हे बघून फकरूभाईंनी तिला हात जोडले. माणसं चांगली आहेत आपल्या गावची, त्यांना वाटलं.

तीन तास त्यांनी ओढे, बांध, जाळ्या पालथ्या घातल्या. सदरा फाटला, टोपी काट्यात राहिली. चार वाजता ते हात हलवत गावाच्या वेशीपाशी आले, तर तिथे वीस-पंचवीस माणसं उभी होती. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी पाणी दिलं. शिंपी वाल्मीक म्हणाला, "जिवापरीस मोठं काय नसतंय, फकरूभाई. पुना उभं करू आपन."

"व्हय, पर आता दुसरा कुटला मिळायला?" फकरूभाई कसंबसं बोलले. सगळा जमाव त्यांच्यामागे गावाबाहेरच्या त्यांच्या घराकडे निघाला.

अंगणात विटा होत्या. ट्रक नव्हता.

फकरूभाई विटांकडे बघतच राहिले. लोक दुपारपासून टायरचं नाही, ट्रकचं सांत्वन करत होते, हे त्यांना आत्ता उमगलं. पण चाकाशिवाय उभा असलेला ट्रक दरीत गेला कसा? ते तिथेच विटांवर बसले.

त्यांची बायको हसिना घरातून बाहेर आली. "अवं, आलात? आन् ही जत्रा कसली?"

"हसिना, ट्रक..."

"गेला की! दोन वाजता टायर आला, भैरूनं बसवला, गिरणीवरनं पोती भरून तीनलाच गेला पुण्याला. हैबतराव सोता येऊन सांगून गेले."

"टायर आला? कुणी आणला?"

"घाटाखालच्या खळ्यावरल्या धोंडाबाईनं आन् तिच्या सुनंनं लोटत आणला. त्यांच्या पेंढ्याच्या उडवीत येऊन बसला व्हता. धोंडाबाई म्हणली, फकरूभाईनं येळ वाचावा म्हणून वरनंच सोडून दिलाय."

वाल्मीकने मांडीवर थाप मारली. "काय डोस्कं हाय! तरीच भिकूला इच्यारत व्हते, खाली काय गेलं का म्हनून!"

फकरूभाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. पंचवीस माणसं कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धोंडाबाईच्या खळ्यावर गेले. उडवी निम्मी विस्कटली होती. सदऱ्याच्या बाह्या सारून ते गुमान पेंढ्या रचू लागले. धोंडाबाई गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन आली आणि थोडा वेळ बघत उभी राहिली.

"फकरूभाई, सोडला न्हवता. सुटला व्हता. व्हय ना?"

फकरूभाईंनी इकडे-तिकडे पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं. "व्हय," ते हळूच म्हणाले. "तुमाला कसं कळलं?"

"सोडणारा मानूस 'या अल्ला, थांब, थांब' करत बोंबलत न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "माज्या अंगणापतुर आवाज आला. ती वरली पेंढी नीट लावा, पडंल."