कुरोसे वकील ज्या खटल्यात आले नाहीत

न्याय रात्री नऊ वाजून चोपन्न मिनिटांच्या आत मिळायला हवा, कारण त्यानंतर हवामानाच्या बातम्या असतात. जपानी टीव्हीवरच्या गुरुवारच्या कोर्टाच्या मालिकेने ही शिस्त वर्षानुवर्षं पाळली आहे. त्यात कुरोसे नावाचे वकील आहेत. त्यांचा शर्ट कायम चुरगळलेला असतो (सचोटीच्या माणसाला इस्त्रीला वेळ नसतो). गुन्ह्याच्या जागी जाऊन ते गटारात वाकून बघतात आणि गटारात पुरावा असतोच. त्यांचे सगळे अशील आजवर निर्दोष सुटले. खऱ्या कोर्टात शंभरातले नव्याण्णव दोषी ठरतात, हे ध्यानात घेतलं तर मालिकेने देशाची सरासरी किती सावरली आहे ते कळेल.

तोकिए आराकावा यांनी तिचा एकही भाग चुकवला नव्हता. शिकोकू बेटावरच्या एका लहान शहरात त्यांचं लाँड्रीचं दुकान होतं, आणि चुरगळलेला शर्ट त्यांनी आयुष्यात फक्त कुरोसेंनाच माफ केला होता. गुन्हेगार कोण हे बाई पहिल्या जाहिरातीच्या आत ओळखत, त्यामुळे नवऱ्याची पार मजा जाई.

"अहो, तो भाचा बघा. त्यानेच केलंय."

"आत्ताशी आलाय तो. नुसता चहा तर दिला त्याने."

"म्हणूनच. चहा द्यायला एवढा महागडा नट कोण घेतं?"

अशा बाईंचं नाव नागरिक न्यायाधीश म्हणून सोडतीत निघावं, हे योग्यच झालं. मोठ्या गुन्ह्यांच्या खटल्यात तीन न्यायाधीशांशेजारी सहा सामान्य नागरिक बसवावेत, असा तिथला कायदा आहे. सामान्य माणसाची समज न्यायदानात यावी, हा हेतू. ती समज कुठून येते, याबद्दल कायदा काही बोलत नाही.

आरोपी इवाकिरी हा उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, खानावळीतला आचारी. मालकाने त्याला कामावरून काढलं आणि आठवड्याभरात मालकाचं घर पेटलं. वर झोपलेला मालक भाजला, पण वाचला. पोलिसांकडे इवाकिरीने कबुली दिली होती. कोर्टात तो म्हणाला, "आग मी लावली नाही. झोपू देत नव्हते, म्हणून सही केली." एवढं बोलून तो खाली बसला. मागे संगीत वाजलं नाही. त्याच्या वकिलाला परागकणांची ॲलर्जी होती, त्यामुळे तो शिंकत होता, आणि त्याचा शर्ट कडक इस्त्रीचा होता.

बाईंची पंचाईत झाली. कोर्टात एकही महागडा नट दिसेना. सगळेच चहा देणाऱ्यांसारखे.

मधल्या सुटीत त्यांनी मुख्य न्यायाधीशांना गाठलं. मालिकेत पोलिस आरोपीपुढे गरम कात्सुदोन ठेवतात. भातावरचा तो तळलेला मांसाचा तुकडा तोंडात टाकला की आरोपीला आई आठवते आणि तो रडत सगळं सांगतो. "याला कात्सुदोन दिलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आराकावा-सान. ते आमिष धरलं जातं. नियमात बसत नाही."

"मग लोक कबूल कसे होतात?"

न्यायाधीशांनी चहाचा घोट घेतला आणि बागेतल्या झाडाचं कौतुक केलं.

सरकारी वकिलांनी शेवटी सांगितलं की आरोपीला पश्चात्ताप नाही. हे खरंच होतं. गुन्हा केलाच नाही असं म्हणणारा माणूस पश्चात्ताप सोबत घेऊन येत नाही, आणि तो न आणल्याबद्दल तिथे शिक्षा वाढते. खोलवर वाकून माफी मागितली असती तर चार वर्षं तरी वाचली असती, असं जाणकारांचं मत पडलं.

आतल्या खोलीत विचारविनिमय झाला. (तिथलं बोलणं बाहेर कधीही सांगायला बंदी आहे. मालिकेचा शेवट फोडू नये हा शिष्टाचार बाईंना आधीपासून ठाऊक होता.) एक दाढीवाला बस ड्रायव्हर अडून बसला. "आगीच्या आधीच शेवटची बस गेली होती. मग नदीपलीकडे राहणारा हा मालकाच्या घरापर्यंत आला कसा? कुणी विचारलंच नाही." मतं पडली, चार विरुद्ध चार. सगळे तोकिएबाईंकडे बघू लागले.

त्या मन लावून विचार करत होत्या, यात शंका नको. निर्दोष माणसासाठी शेवटी पुरावा येतोच, हे त्यांनी दर गुरुवारी डोळ्यांनी पाहिलं होतं. याच्यासाठी आला नव्हता. दाराकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. धापा टाकत कुणीही आत आलं नाही. मग निष्कर्ष उघड होता.

इवाकिरीला अकरा वर्षांची कैद झाली. निकाल ऐकताना त्याने खिशात रुमाल शोधला, तो सापडला नाही.

तो नेमका गुरुवार होता. त्या संध्याकाळच्या भागात झोपेसाठी सही केलेला एक कोळी होता, आणि कुरोसेंनी बसच्या वेळापत्रकावरून त्याला सोडवला. बाई ढसाढसा रडल्या.

"नऊ जण बसले होते हो," त्या टीव्हीकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाल्या. "एकाच्याही लक्षात येऊ नये? कसल्या काळजाची माणसं ही?"

वाचकहो, तुम्हाला बाईंचा राग आला, हे तुमच्या सहृदयतेला शोभतं. आज सकाळच्या पेपरात, डोक्यावर काळा बुरखा घातलेल्या एका माणसाला दोन पोलिस धरून नेतायत असा फोटो होता. चहाचा कप खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "सापडला एकदाचा."