एकाच हातात राहिलेलं ड्रिल मशीन

आपल्या घराच्या भिंतीला आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने भोक पाडल्याशिवाय माणसाने स्वतःला घरमालक म्हणवून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत मला गेल्या मंगळवारी सुचलं. त्याआधीची एकाहत्तर वर्षं मी त्याशिवायच म्हणवून घेत होतो.

झालं असं की, बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं. दुखणंही ती सोसत होती. तिला सोसत नव्हती ती दवाखान्यातली मावशी. ही बाथरूमला गेली की मावशी दाराला टेकून उभी राहायची आणि दर अर्ध्या मिनिटाला विचारायची, "झालं का आजी?"

"माझ्या आईनेसुद्धा मला एवढ्यांदा विचारलं नव्हतं," बायको मला म्हणाली. "आणि ती विचारायची तेव्हा मी दोन वर्षांची होते."

मंगळवारी डॉक्टर म्हणाले, शनिवारी घरी सोडतो. पण घरी महिनाभर धरून नेणारं कुणीतरी हवं. नाहीतर खोलीपासून बाथरूमपर्यंत भिंतीला धरायची दांडी तरी हवी, एकदम भक्कम. बायकोने माझ्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे काही मागितल्याचे प्रसंग मी बोटांवर मोजू शकतो, कारण मागून मिळत नाही हे तिच्या पहिल्या वर्षीच लक्षात आलं होतं.

"मला एकटीला जायचंय हो," ती म्हणाली. "बाकी काही नको."

"दांडी मी लावतो," मी म्हणालो.

"हसवू नका, टाके दुखतात."

आता सांगा, यानंतर कोणता स्वाभिमानी नवरा सुताराला फोन करील?

दांडी दुकानातून आणली. स्क्रू, पट्ट्या, सगळं आणलं. राहिलं ड्रिल मशीन. नव्या मशीनची किंमत ऐकून मी दुकानदाराला विचारलं, यात भिंतही येते का? मग घरी येऊन मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती उघडल्या.

मी जन्मभर वर्तमानपत्रात लोकांच्या उणिवा काढून पोट भरलंय. त्यामुळे यंत्रातलं मला काही कळत नसलं, तरी वाक्यातलं कळतं. 'ड्रिल मशीन, फक्त एकदा वापरलेले, अर्जंट विकणे.' हा मनुष्य मी बाद केला. एकदाच वापरून इतक्या घाईने विकतोय, म्हणजे त्या एका वेळी काय झालं असेल? दुसऱ्याने लिहिलं होतं, 'मशीन एक नंबर, आवाज नाही.' फोन केल्यावर कळलं, आवाज नाही कारण मशीन सुरूच होत नाही.

बुधवारी तिसऱ्याकडे मी फसलो. मोजके शब्द, व्यवस्थित पूर्णविराम. पूर्णविराम देणारा माणूस बेइमान नसतो, अशी माझी समजूत. बँकेच्या पार्किंगमध्ये भेटलो, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं मशीन घेऊन घरी आलो. वॉचमनला मोठ्या अभिमानाने दाखवलं. तो म्हणाला, "काका, छान आहे. पण हे लाद्या कापायचं आहे. याने भोक पडत नाही, भिंत कापली जाते."

त्याच संध्याकाळी बायकोचा फोन आला. "दांडीचं काय झालं?"

"लागलीसुद्धा," मी म्हणालो.

हे मी का बोललो, ते मला आजही सांगता येत नाही. पण फोन ठेवला तेव्हा दांडी सोफ्यावर आडवी पडून माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर मला ती जाहिरात दिसली. 'ड्रिल मशीन. एकवीस वर्षं जुनं. एकाच हातात राहिलेलं. सुरू होताना थोडं थांबतं, मग थांबत नाही. ज्याला घाई आहे त्याने येऊ नये.'

मला घाई होती. तरी मी गेलो. असं लिहिणारा माणूस पाहायलाच हवा होता.

तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार एका बाईंनी उघडलं. "जाहिरातीसाठी आलात? या. पण आधी सांगते, सहा जण येऊन गेले. सहाही परत पाठवले यांनी. एकाला म्हणाले, तुझ्या हाताला घाम येतो."

"जाहिरात फार सुंदर लिहिलीय," मी म्हणालो.

"मी लिहिली," बाई म्हणाल्या. "खरं तर मशीनबद्दल लिहायला बसले होते. निम्मं यांच्याबद्दलच झालं."

आतल्या खोलीत पलंगावर मिस्त्री बसले होते. सुतारकामात उभा जन्म गेलेला, बारीक अंगाचा, माझ्याच वयाचा माणूस. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. समोर स्टुलावर ते मशीन, तेलाचा हात फिरवून जुन्या शर्टात ठेवलेलं.

"काय करायचंय मशीनचं?" त्यांनी विचारलं.

मी गुडघा सांगितला, मावशी सांगितली, शनिवार सांगितला.

"भिंत कशी आहे?"

"पिवळी," मी म्हणालो.

मिस्त्रींनी आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "विटांची आहे, की काँक्रीटची?"

"ते आतून असेल. मी बाहेरूनच पाहिलीय."

बाई चहा घेऊन आल्या. मिस्त्रींनी कप घ्यायला हात बाहेर काढला आणि बशीत कप वाजायला लागला. थरथर अशी की चहाच्या कपात लाटा. त्यांनी कप खाली ठेवला, हात परत मांडीखाली घातला आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "दांडी किती उंचीवर घेणार?"

"बायको माझ्या इथवर येते," मी खांद्याला हात लावून दाखवलं.

"ते लग्नातल्या फोटोत. हात सरळ खाली सोडला की मनगट जिथे येतं, तिथे दांडी पाहिजे. टाचेपासून मनगटापर्यंतचं माप आणा. उद्या मशीन घेऊन मी येतो."

"तुम्ही?"

"मशीन तुमचं. पण पहिलं भोक माझ्यासमोर पडलं पाहिजे. पैशाचं मग बघू."

बाई माझ्यामागून दारापर्यंत आल्या. "तीन महिन्यांत घराबाहेर पडले नाहीयेत," त्या हळूच म्हणाल्या. "भिंत खराब झाली तरी चालेल ना तुम्हाला?"

मापाचा प्रश्न मात्र नाजूक होता. लागलेल्या दांडीसाठी माप कसं मागणार? मी दुपारी दवाखान्यात गेलो. बायको झोपली होती. देव पावला म्हणून मी खिशातून टेप काढला, एक टोक तिच्या टाचेशी धरलं आणि पलंगाच्या कडेकडेने वाकून मनगटापर्यंत आलो. तेवढ्यात नर्स आत आली.

"काका, काय करताय?"

"माप घेतोय," मी म्हणालो.

नर्सचा चेहरा पांढरा पडला. ती जवळ आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लहान मुलाला समजावतात तसं म्हणाली, "काका, त्यांची तब्येत छान आहे. आपण त्यांना परवा घरी सोडतोय. तुम्ही असं मनात काही आणू नका. बसा, पाणी देते."

"कसलं माप?" बायको डोळे न उघडताच म्हणाली.

"काही नाही. झोप तू."

"घरी काहीतरी फोडलंत ना?"

"अजून नाही," मी अगदी खरं ते सांगितलं.

शुक्रवारी सकाळी मिस्त्री आले. धुतलेला शर्ट, कानावर पेन्सिल. तीन महिन्यांनी बाहेर पडलेला माणूस तीन महिन्यांचं बोलणं बरोबर घेऊन आला होता. मी पॅसेजच्या भिंतीशी मशीन धरून उभा, ते मागे स्टुलावर. खुणा त्यांनी सांगितल्या, मी केल्या.

"दाबू नका. तुम्ही नुसतं धरा, ते जातं. आमच्या उस्तादांचं म्हणणं होतं, भिंतीशी भांडणारा माणूस घरीही भांडतो. एकदा काय झालं, एका वकिलाच्या घरी..."

वकिलाची गोष्ट रंगली होती. मी बटण दाबलं. मशीन थोडं थांबलं. मग थांबेना. मला वाटलं, किती छान जातंय! भिंत लोण्यासारखी वाटायला लागली, मग हवेसारखी. आणि मग पलीकडून एक किंकाळी आली, पाठोपाठ काहीतरी पडल्याचा आवाज, आणि जिन्यावरून कुणीतरी भराभर उतरत गेलं.

आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये दातांचा दवाखाना आहे, हे मी आपल्याला सांगायला हवं होतं. मिस्त्रींनाही सांगायला हवं होतं.

बेल वाजली. दारात दातांचे डॉक्टर. मास्क हनुवटीवर, केसांवर विटेची भुकटी.

"तुमचं यंत्र माझ्या दवाखान्यात आलंय," ते म्हणाले.

"या ना, आत या," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"तो पेशंट आठ दिवस येऊ का नको करत होता. आज कसाबसा खुर्चीत बसला. मी म्हटलं, घाबरू नका, मी अजून मशीन सुरूच केलेलं नाही. तेवढ्यात आवाज सुरू झाला. मी त्याला दोन्ही हात वर करून दाखवले, हे बघा, माझ्या हातात काही नाही. तर त्याच्या कानापासून हातभर अंतरावर भिंतीतून टोक बाहेर आलं. गळ्यातल्या रुमालासकट पळाला तो."

मिस्त्री स्टुलावरून उठले. मान खाली. "चूक माझी. बिटाला, या पुढच्या टोकाला, टेप लावायची असते, एवढंच खोल जायचं म्हणून. एकवीस वर्षांत कधी विसरलो नाही. आज बोलत बसलो." त्यांचा हात आता जास्तच थरथरत होता आणि लपवायला मांडीही नव्हती. "मशीन मी परत नेतो. तुम्ही कुणीतरी चांगला माणूस बघा."

उद्या बायको घरी येणार. दांडी सोफ्यावर. आणि एकुलता एक जाणकार दाराकडे निघालेला. माझ्या पोटात खड्डा पडला. थेट आरपार, टेप न लावता.

"थांबा हो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझ्या हातातलं मशीन पाहिलं होतं. माणूस मिठाईकडे बघतो तसे बघत होते. "आम्हीही खोलीची खूण करतोच. चिकटपट्टी आहे माझ्याकडे." ते जाऊन आले, बिटाला झकास पट्टी गुंडाळली आणि जरा लाजून म्हणाले, "एक मी पाडून बघू?"

मिस्त्री थांबले.

डॉक्टर भिंतीसमोर वाकले. "दुखलं तर हात वर करा," ते सवयीने भिंतीला म्हणाले आणि भोक पाडलं. मिस्त्रींनी त्यात करंगळी फिरवली, डोळे मिटले.

"हा माणूस फुकट गेला," ते म्हणाले आणि परत स्टुलावर बसले.

मग काम सुरू झालं. लागणार होती बारा भोकं. आम्ही एकोणीस पाडली. जास्तीच्या सातांत डॉक्टरांनी दातात भरायचं सिमेंट भरलं. मिस्त्रींना ते पटलं नाही. पण सुकल्यावर नखाने टोकरून पाहून त्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं. मधेच पळालेल्या पेशंटचा फोन आला, दाढ दुखायची थांबलीय म्हणून.

शेवटचं भोक राहिलं तेव्हा मिस्त्री उठून आले. नुसता हात पुढे केला. मी मशीन दिलं. ते त्यांच्या हातात असं हलायला लागलं, की टोक खुणेच्या चारही बाजूंना फिरत होतं. मी खालून हात लावला. डॉक्टरांनी कोपर धरलं. बटण दाबलं. मशीन थोडं थांबलं, मग सुरू झालं, आणि एकदा सुरू झाल्यावर कुणाचा हात थरथरतोय हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं. भोक सरळ गेलं.

मिस्त्रींनी मशीन पुसून शर्टात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "ठेवा. पण नवं काही पाडायचं असलं की आधी मला बोलवायचं."

शनिवारी बायको आली. दांडी पाहिली, भिंतीवरचे सात पांढरे ठिपके पाहिले. "बुधवारी लावलेली ना?" एवढंच म्हणाली. मी छताकडे पाहिलं.

मिस्त्री सकाळपासूनच येऊन बसले होते. डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये डोकावले होते ते गेलेच नव्हते.

"बिनधास्त भार टाका, वहिनी," मिस्त्री म्हणाले.

तिने दांडी धरली. दांडी बरोबर तिच्या हाताखाली आली, टाचेपासून मनगटापर्यंत. एक पाऊल टाकलं, थांबली. दुसरं टाकलं. मी पुढे होणार होतो, मिस्त्रींनी मला मागे ओढलं. त्यांची नजर स्क्रूंवर, डॉक्टरांची गुडघ्यावर, माझी तिच्या हातावर. बोटं आधी पांढरी होती, निम्म्या वाटेवर सैल झाली. दांडीच्या तिसऱ्या पट्टीनंतर तर तिने ओठांचा चंबू करून काहीतरी गुणगुणायलाच सुरुवात केली. आम्ही तिघं पावलापावलाने तिच्या मागे. अकरा पावलं. ती एकटी बाथरूमच्या दारात पोचली, उंबरा ओलांडला, आत जाऊन वळली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी मान फिरवून पेन्सिल कानावर नीट बसवली, जरा जास्तच वेळ. या क्षणी चार शब्द बोलायलाच हवेत असं मला वाटलं. मी घसा खाकरला.

बायकोने दाराला हात घातला आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"दांडी फार छान झालीय," ती म्हणाली. "आता तुम्ही तिघं जरा हॉलमध्ये जाऊन बसता का? मला दार लावायचंय."